कढईपुढची बाई आणि तळणीचे यंत्र

घरात तळणीचे विजेवर चालणारे यंत्र घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न साहित्यविषयक लेखनात उपस्थित करणे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. बाजारात ‘डीप फ्रायर’ या नावाने मिळणाऱ्या या वस्तूची किंमत, तिच्यात मावणारे तेल आणि तिला लागणारी वीज यांचा हिशेब मांडला की प्रश्न निकालात निघतो, असे कोणीही म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. हा हिशेब मांडताना दोन गोष्टी आपण नकळत गृहीत धरलेल्या असतात : घरात तळण किती वेळा होते आणि कढईपुढे कोण उभे राहते. या दोन्ही गोष्टींना इतिहास आहे, आणि तो आपल्या वाङ्मयाच्या इतिहासापासून फार दूर नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात पाहून मग मूळ प्रश्नाकडे वळावे, असा आमचा विचार आहे.

आरंभ शब्दांपासून करू. ‘तेल’ हा शब्द ‘तैल’ पासून आला आणि तैल म्हणजे मुळात तिळाचे. ‘कढई’च्या मागे संस्कृत ‘कटाह’ उभा आहे. माध्यम आणि भांडे दोन्ही जुनी आहेत, हे शब्दच सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणी वटक, पूरिका, घारिका असे पदार्थ येतात. आजचे वडे, पुऱ्या आणि घारगे त्यांत सहज ओळखू येतात. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो मात्र वेगळ्या कारणाने. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा ओवीविषयीचा प्रसिद्ध उल्लेख याच ग्रंथातला. राजाच्या ताटातले तळण आणि कष्टकरी स्त्रीच्या तोंडची ओवी अशी दोन्ही एका ग्रंथात नोंदली गेली, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो.

कांडण आणि दळण यांनी मराठीला ओवी दिली. तळणाने तसे काही दिले नाही. याचे कारण शोधू गेल्यास या दोन कामांतला फरक ध्यानात येतो. दळण रोजचे, पहाटेचे, बहुधा दोघींनी मिळून करायचे. खुंट्याला हात लागला की शरीर त्या लयीत चालत राहते आणि मन मोकळे होते; त्या मोकळ्या मनात भाऊ, माहेर, विठोबा, सासर यांना जागा मिळते. तळणात मन मोकळे होत नाही. डोळा तेलावर, कान तेलाच्या आवाजावर आणि हात झाऱ्यावर खिळलेला असतो. क्षणभर लक्ष चुकले तर घाणा करपतो किंवा हात भाजतो. शिवाय हे काम रोजचे नव्हते. ज्या कामात लय नाही आणि नित्यता नाही त्यात गाणे रुजत नाही, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

जात्याचे पुढे काय झाले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. विसाव्या शतकात पिठाची गिरणी गावोगाव पोचली आणि जाते कोपऱ्यात गेले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर त्या ओव्यांचा मोठा भाग त्या स्त्रियांबरोबरच नाहीसा झाला असता. आपण वर्गात ओवी शिकवतो तेव्हा जाते गेल्याची हळहळ आपल्या स्वरात उतरते. परंतु दळणाऱ्या बाईला ही हळहळ फारशी वाटली नसावी. दळणाच्या कष्टांची तक्रार कितीतरी ओव्यांतच आहे. गिरणी आली तेव्हा तिचे पहाटेचे तास वाचले, खांदे वाचले. गाणे गेले हे नुकसान खरे. पण ते गाणे टिकावे म्हणून तिने दळत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. कढई आणि यंत्र यांच्याविषयी बोलताना हा धडा विसरता कामा नये. कढईतल्या तळणाची चव यंत्रात येत नाही, असे सांगणारा माणूस कढईच्या कोणत्या बाजूला बसतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आता तळण किती वेळा होत असे, या गृहीतकाकडे वळू. गावच्या घाण्यावर निघणारे तीळ, करडई, जवस यांचे तेल, कोकणात खोबरेल आणि सवड असेल तेथे तूप, ही जुनी साधने होती. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे तेल आपल्याकडे रुळले ते बरेच उशिरा. सामान्य घरात तेल ही मोजून वापरायची वस्तू होती. कढईभर तेल तापवणे हा खर्च होता आणि म्हणून तो प्रसंग होता. त्या प्रसंगांचे एक पंचांगच तयार झाले होते. दिवाळीला करंज्या, चकल्या, शंकरपाळे. होळीला पुरणपोळीबरोबर कुरडया-पापड. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण. त्याचबरोबर न तळण्याचेही दिवस होते. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी वाफवलेली पुरणाची दिंडे. सुतकात कढई चढत नाही. ज्या घरात वर्षभरात मृत्यू घडला त्या घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत. आप्त आणि शेजारी आणून देतात. तेल तापल्याचा वास शेजारी गेला की त्या घरी सारे कुशल आहे, असा त्याचा अर्थ होता. तळण ही चवीची बाब होतीच. शिवाय ती घराच्या सुखदुःखाची जाहीर खूणही होती.

कढईचा आकार या टंचाईशी जुळलेला आहे. बूड गोल असल्याने थोडे तेल मध्यभागी जमते आणि तेवढ्यातच पदार्थ बुडण्याइतकी खोली मिळते. तोंड रुंद असल्याने झारा मोकळा फिरतो आणि होत आलेला पदार्थ काठाकडे सरकवता येतो. घाणे संपत आले की तेल कमी होते, पण गोल बुडामुळे शेवटच्या चार पुऱ्याही तळून निघतात. उरलेले तळणीचे तेल गाळून फोडणीला जाते आणि काही दिवसांत संपते. चतकोर लिटर तेलात काम सुरू करता येईल आणि उरलेले लवकर संपेल, अशी ही व्यवस्था आहे.

विजेचे यंत्र वेगळ्या घरासाठी जन्मले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल प्रेस्टो या कंपनीने लहान घरगुती फ्रायर बाजारात आणले. त्यांवर घट्ट बसणारे झाकण होते. हेतू असा की तेल त्याच भांड्यात राहावे आणि पुढच्या वेळी पुन्हा तापवावे. त्या झाकणातच एक विधान आहे : या घरात तळण वरचेवर होते. ब्रिटनमध्ये प्रश्न आणखी गंभीर होता. बटाट्याच्या ‘चिप्स’साठी चुलाण्यावर तेलाने भरलेले खोल पातेले ठेवण्याची तेथे घरोघर रीत होती आणि त्या पातेल्यांनी असंख्य घरांना आगी लावल्या. १९७० च्या दशकापासून तेथे दूरचित्रवाणीवरून लोकांना सावध केले जाऊ लागले, आणि उष्णता आपोआप आवरणारे यंत्र वापरा, असे अग्निशमन दले आजही सांगतात. त्या समाजात हे यंत्र चैनीची वस्तू नव्हे, सुरक्षेचे साधन आहे. आपल्याकडेही गॅसवरील तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतायचे नसते. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे असते. एवढी साधी गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असतेच असे नाही.

मात्र या यंत्राची रचना मुख्यतः एकाच पदार्थाला डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे : बटाट्याचे तुकडे. ते जाळीत भरायचे, जाळी तेलात सोडायची, वेळ झाली की उचलायची. आपले तळण या जाळीत मावत नाही. पुरी तेलात सोडली की झाऱ्याने हलके दाबावी लागते, वर तेल उडवावे लागते, तेव्हा ती फुगते. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, वरून तूप सोडत मंद आचेवर तळायचा. जरा बिनसले की तो ‘हसतो’, म्हणजे तुपात विस्कटतो. जाळीत त्याचे काय होईल, हे सांगायला नको. ताजी चकली जाळीच्या तारांना चिकटते. शिवाय यंत्राला तेलाची किमान रेषा असते. घरगुती यंत्रांत साधारण एक ते तीन लिटर तेल लागते आणि रेषेच्या खाली ते चालवायचे नसते. शेवटच्या चार पुऱ्यांसाठीही तेवढेच तेल भरलेले हवे. मोठ्या यंत्राला १५ ॲम्पियरचे बटण लागते, ही आणखी एक अट. २००० च्या दशकात महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले त्या काळात विजेवर फराळ करायला कोणी धजले असते, असे वाटत नाही.

याचा अर्थ यंत्रात घेण्यासारखे काही नाही असा मुळीच नाही. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे, आणि ती समजण्यासाठी आपल्या पाकपुस्तकांच्या भाषेकडे पाहिले पाहिजे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि तिने वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्या मुलीची मोठी अडचण दूर केली. जिन्नस किती, हे तिला पुस्तकातून कळू लागले. आच किती, हे मात्र आपल्या पाकभाषेत बहुतांशी विशेषणांवरच राहिले : मंद आच, मध्यम आच, कडकडीत तेल, तांबूस रंग. ही विशेषणे सुंदर आहेत, परंतु ज्याने ते तेल आधी पाहिले आहे त्यालाच ती कळतात. पिठाचा लहानसा गोळा सोडून तो किती वेगाने वर येतो हे पाहण्याची परीक्षा आईने किंवा सासूने शेजारी उभे राहून शिकवायची होती. शिकवणारे माणूस शेजारी नसेल तर पुस्तक तेथे मुके होते.

आचेला इतके महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. पदार्थ तापलेल्या तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर धाव घेते. ते जे बुडबुडे आपण पाहतो ती हीच वाफ. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. तेल पुरेसे तापलेले नसेल तर कवच लवकर धरत नाही, पदार्थ तेलात अधिक वेळ राहतो आणि तेलकट होतो. फार तापले तर बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. पुरीला १८० ते १९० अंश सेल्सियसच्या आसपासचे तेल मानवते. शंकरपाळ्याला त्याहून बरेच कमी लागते. आणखी एक गोष्ट : तेलाचा मोठा भाग पदार्थ बाहेर काढल्यावर, तो निवताना, पृष्ठभागावरून आत ओढला जातो. झारा कढईच्या काठावर टेकवून पदार्थ क्षणभर निथळू देण्याच्या सवयीला हे शास्त्रीय कारण आहे. यंत्रातील उष्णतानियंत्रक पुस्तकांतल्या विशेषणांच्या जागी अंक ठेवतो आणि तो अंक राखतो. शिकवणारे कोणी नसलेल्या घरात ही उणीव भरून निघणे लहान गोष्ट नाही.

यंत्र आले नाही तरी आपल्या तळणाचे पंचांग दुसऱ्या बाजूने सुटलेच. १९३७ मध्ये ‘डालडा’ आला आणि तुपाची ऐपत नसलेल्या घरात तुपासारखे काहीतरी पोचले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी विशेष मोहीम सुरू केली. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि पिशवीतले स्वस्त तेल सर्वत्र मिळू लागले. १९५०-५१ च्या सुमारास देशात माणशी वर्षाला ३ किलोंच्या आसपास खाद्यतेल खपत असे. २०२० नंतरच्या वर्षांत हा आकडा १९ किलोंच्या घरात गेला आहे आणि त्यासाठी लागणारे निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. टंचाईने घातलेला बंध गेला. चकली बाराही महिने झाली. सणाचा पदार्थ रोजचा झाला की त्याचे सणपण तर जातेच, पण शरीराचाही हिशेब बदलतो. वारंवार तापवलेल्या तेलात घातक द्रव्ये साठतात. म्हणून अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून खाद्यव्यवसायांतील तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा नियम लागू केला. घरच्या कढईवर असा निरीक्षक नाही. तेल साठवून ठेवणारे झाकणबंद यंत्र घरात असले की ते पुन्हा तापवण्याचा मोह रोज समोर राहतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मग जात्याला जशी गिरणी मिळाली तसे कढईला काय मिळाले? आमच्या मते कढईची जागा यंत्राने घेतली नाही, दुसऱ्या बाईच्या कढईने घेतली. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी पापड लाटण्यापासून ‘लिज्जत’ची सुरुवात केली, तेव्हा घरातले काम घराबाहेरच्या स्त्रियांच्या हाती सोपवण्याची वाट रुंद झाली. पुढे फराळही त्याच वाटेने गेला. आज शहरांतील कितीतरी घरांत चकली येते ती एखाद्या बचत गटाकडून किंवा गल्लीतल्या काकूंकडून, आणि त्या काकू दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज कढईपुढे उभ्या असतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीचे श्रम वाचले आणि दुसरीला मिळकत झाली, हे चांगलेच झाले. पण धग नाहीशी झाली नाही; ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली. ‘घरगुती चव’ असे पाकिटावर छापलेले असते तेव्हा ते कोणाचे घर, हे आपण विचारत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’सारख्या लेखांनी मराठीत खाणाऱ्याचे वाङ्मय समृद्ध केले. करणाऱ्याचे वाङ्मय मात्र बव्हंशी कृतींच्या पुस्तकांतच राहिले, आणि कृतीच्या पुस्तकात धग, घाम आणि पाठदुखी यांना जागा नसते.

अलीकडे पुष्कळ घरांत ‘एअर फ्रायर’ आला आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला. नावात तळण असले तरी तो तळत नाही. गरम हवा वेगाने फिरवून भाजतो. त्यातून निघणारी चकली वाईट असते असे नाही, पण ती भाजलेली चकली असते. डीप फ्रायरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो सुचवला जातो तेव्हा दोन वेगळ्या क्रियांची गल्लत होते, एवढे येथे नोंदवतो.

आता मूळ प्रश्न. आमच्या मते तो किमतीपासून सुरू न करता वारंवारतेपासून सुरू करावा. ज्या घरात वर्षातून पाच-सहा वेळाच तळण होते तेथे यंत्र बहुतेक काळ माळ्यावर राहील, आणि सणाच्या दिवशी त्याची जाळी व त्याची तेलाची किमान रेषा आपल्या पदार्थांच्या आड येईल. अशा घराने यंत्रातला मोलाचा भाग तेवढा वेगळा घ्यावा : तेलात बुडवण्याचा स्वयंपाकाचा तापमापक. तो यंत्राच्या मानाने फार स्वस्त असतो. जोडीला जाड बुडाची, न डुगडुगणारी कढई आणि तिच्यावर बसेल असे झाकण. ज्या घरात रोज तळण होते त्याने यंत्राआधी रोजच्या तळणाचाच विचार करावा. परंतु काही घरे अशी आहेत की तेथे यंत्र निःसंकोच घ्यावे. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना पूर्वी भाजले असल्याने उघड्या तेलाची भीती बसली आहे, ज्यांच्या स्वयंपाकघरात लहान मूल फिरते त्यांना झाकण आणि नियंत्रक यांचा खरा आधार होतो. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विजेच्या सपाट शेगडीवर गोल बुडाची कढई ठेवता येत नाही, धुराने गजर वाजतो. त्यांनी यंत्र घराबाहेर पडवीत नेऊन तळले तर त्यात परंपरेचा भंग शोधण्याचे कारण नाही.

उरतो दुसरा प्रश्न : कढईपुढे कोण उभे राहते? या खरेदीविषयी घरात मत सर्वांना असते. कोणाला चवीची काळजी, कोणाला तेलाची, कोणाला पैशाची. पहिले आणि शेवटचे मत जी व्यक्ती धगीसमोर उभी राहते तिचे असावे, असे आम्हांला वाटते. आणि ती व्यक्ती दर वेळी एकच का असावी, हेही त्याच बैठकीत विचारले जावे. घाणा सोडणारा एक आणि काढून निथळणारा दुसरा, असे दोघे उभे राहिले तर दिवाळीचे काम निम्म्यावर येते, आणि आचेची परीक्षा जी पुस्तकांना सांगता आली नाही ती शेजारी उभे राहणाऱ्याला आपोआप शिकता येते. मुलगा असो वा मुलगी, दोन दिवाळ्या उभे राहिले की ‘मंद आच’ म्हणजे काय हे त्यांना कळते. जात्यावर बहुधा दोघी बसत. कढईपुढे मात्र एकटीनेच उभे राहावे असे आपण का ठरवले, याचे उत्तर आम्हांला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. घरातल्यांनी ते एकमेकांना द्यावे आणि मग यंत्राच्या दुकानात जावे.